मॅकगावनांचे नोंदकाका

नोंदकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं. सिंगापूरच्या सिमेई भागातल्या आमच्या काँडोच्या लिफ्टमध्ये, सकाळी सव्वाआठला. मी ऑफिसचा बिल्ला गळ्यात अडकवून घाईने निघालेलो, आणि शेजारी पांढरा झब्बा आणि मोज्यांवर सँडल घातलेले सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या बिल्ल्यावरचं इंग्रजी अक्षर न् अक्षर वाचलं आणि मराठीत म्हणाले, "इंगळे. वा. कुठले इंगळे?"

मी म्हणालो, पुण्याहून आलोय.

"पुणं नाही हो. मूळ गाव कोणतं? आणि कुठले म्हणजे, कोणते इंगळे?"

या 'कोणते'चा अर्थ महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. शाळेत, हॉस्टेलवर, भाड्याच्या खोलीसाठी घरमालकापुढे उभं राहताना मी तो प्रश्न पुरेसा ऐकला होता. सिंगापूरला आल्यापासून सहा वर्षांत एकदाही ऐकला नव्हता, आणि इथे राहण्यातलं ते एक मोठं सुख होतं. मी जमेल तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं, "आम्ही बौद्ध." यानंतर लोक घसा खाकरतात, नाहीतर घाईघाईने आपल्या एखाद्या बौद्ध मित्राची आठवण काढतात. या गृहस्थांनी खिशातून छोटी वही काढली, लिफ्टच्या भिंतीला टेकवून काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "हे झालं. मूळ गाव राहिलं." तेवढ्यात तळमजला आला. मी उत्तर न देता बाहेर पडलो आणि एमआरटी स्टेशनपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत गेलो.

संध्याकाळी कळलं की ते मुग्धाचे वडील. मुग्धा दामले चांगी बिझनेस पार्कमध्ये माझ्याच टीममध्ये होती आणि आमच्याच काँडोत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. तिला सातवा महिना लागला होता. आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला वडील आले होते. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची ही गोष्ट.

दामलेकाका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या कचेऱ्यांत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: माणूस मेला की त्याच्या जमिनीला वारस कोण, हे कागदावरून ठरवायचं आणि नोंद घालायची. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बायको, कोण खोटं बोलतंय. त्यामुळे माणूस समोर आला की त्याच्या मागचे तीन पिढ्यांचे लोक त्यांना रांगेत उभे दिसायचे. तुम्ही काहीही सांगा, ते म्हणायचे, "तोंडी चालत नाही. नोंद दाखवा." टॅक्सीत बसले की ड्रायव्हरला 'अंकल, युवर सरनेम?' असा सवाल. हॉकर सेंटरमधल्या नूडल्सवाल्या आंटीला तिच्या आजोबांचं चीनमधलं गाव त्यांनी रांग खोळंबवून विचारलं होतं, आणि तिने ते सांगितलंही होतं, हा माझ्या मते तिचा मोठेपणा. महिनाभरात काँडोतल्या सगळ्या मराठी घरांत त्यांचं नाव नोंदकाका पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले.

मुग्धाचा नवरा कॉनर मॅकगावन. आयरिश, उंच, हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत नोकरीला. कमी बोलायचा आणि जे बोलायचा त्यातलं निम्मं आम्हालाही समजायचं नाही, मग काकांची काय कथा. तरी सासरे-जावयाचं बरं चाललं होतं. कॉनर त्यांना सकाळी चहा करून द्यायचा आणि 'बाबा' म्हणायचा. काका त्याला 'अहो कॉनर' म्हणायचे.

भानगड सुरू झाली ती कुलवृत्तांतापासून. काकांच्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे मूळ पुरुषापासून आजपर्यंतच्या सगळ्या दामल्यांची जाडजूड यादी, नव्याने छापली जाणार होती आणि काका संपादक मंडळावर होते. लग्न झालेल्या मुलीला त्यात दोन ओळी मिळतात: यजमानांचं नाव, त्यांचे वडील, आजोबा, मूळ गाव, घराण्याची माहिती. बाकी लोक या दोन ओळी दोन मिनिटांत भरून टाकतात. पण काका पडले संपादक. आपल्याच जावयाच्या ओळी कच्च्या राहिल्या तर लोक काय म्हणतील, या काळजीने त्यांनी मॅकगावन घराण्याची मुळापासून चौकशी हाती घेतली. कॉनरने आजोबांचं नाव सांगितलं, कॅव्हन हा परगणा सांगितला. वडिलांचं नाव विचारलं तेव्हा म्हणाला, "लीव्ह इट ब्लँक."

काकांनी मला ते येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू जावई पंगतीतून उठून गेलाय. "रकाना रिकामा सोडायचा? अहो इंगळे, मेलेल्या माणसाचासुद्धा रकाना रिकामा राहत नाही."

मला सांगायचं कारण असं, की मुग्धाने स्वतःची सुटका करून घेण्यासाठी त्यांना परस्पर कळवलं होतं की इंगळेला इंटरनेटवरचं सगळं शोधता येतं. त्यानंतर दर शनिवारी सकाळी आठला आमची बेल वाजायला लागली. दारात काका, खांद्याला खाकी कापडी पिशवी, पिशवीत फायली. आठवडाभर डोळे फोडून कोड लिहिणाऱ्या माणसाला शनिवारची झोप म्हणजे काय, हे त्यांना मी तीनदा समजावून सांगितलं. "तुम्ही झोपा ना," ते म्हणायचे, "फक्त मशीन चालू करून द्या." माझी आठ वर्षांची मुलगी दार उघडून आत ओरडायची, "पप्पा, युवर बॉस कम अगेन, लाह." सुजाता, माझी बायको, त्यांना पोहे द्यायची आणि माझ्याकडे बघून हसायची. तिला ते आवडायचे. त्यांच्या शेजारी बसायची पाळी तिच्यावर येत नव्हती.

आयर्लंडमधल्या जुन्या चर्चच्या नोंदवह्यांची पानं कुणीतरी इंटरनेटवर चढवली होती. बाप्तिस्म्याच्या नोंदी, लॅटिनमध्ये, पाण्याने फुगलेल्या शाईत. मला त्यात किडे-मुंग्यांपलीकडे काही दिसेना. काका मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. तरुणपणी जुन्या दप्तरांसाठी ते मोडी शिकले होते, आणि मोडी वाचलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वाईट अक्षराचं भय राहत नाही. तासाभरात त्या पाद्र्याचा 'एम' कसा निघतो आणि 'एस' कसा वळतो हे त्यांनी पकडलं. चौथ्या शनिवारी त्यांना एक घर सापडलं. आई तीच, बाप तोच, गाव तेच. पहिली तीन मुलं मॅकगावन आणि पुढची दोन स्मिथ.

मी म्हणालो, ही दोन वेगळी कुटुंबं असतील.

"नाही. कारकून बदललाय," काका म्हणाले. आणि खरोखरच, तिसऱ्या मुलानंतर अक्षर बदललं होतं.

मग मी वाचून काढलं ते असं. त्या लोकांचं मूळ आयरिश आडनाव मॅक गावन. मॅक म्हणजे मुलगा आणि गावन म्हणजे लोहाराचा. इंग्रजांचं राज्य आल्यावर कुणी ते ऐकू येईल तसं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तर कुणी अर्थाचं भाषांतर करून सरळ स्मिथ करून टाकलं. कॅव्हनकडे तर बहुतेकांचं स्मिथच झालं. मुलीच्या नावापुढे मॅक लागत नाही, निक लागतं, हेही काकांनी माझ्याकडून वदवून घेतलं आणि येणाऱ्या नातीसाठी वहीत टिपून ठेवलं. नातूही होऊ शकतो, असं मी सुचवलं. ते म्हणाले, तो रकाना तयार आहे.

पुढच्या शनिवारी त्यांनी कुलवृत्तांतासाठीचा मजकूर मला वाचायला दिला. सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'मॅकगावन घराणे आयर्लंड देशी धातुकामात अग्रेसर म्हणून प्रसिद्ध.'

मी विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, माहिती आहे. मी म्हणालो, काका, लोहार लिहा. ते म्हणाले, अर्थ तोच झाला. मी म्हणालो, अर्थ तोच असेल तर लोहार लिहायला काय हरकत आहे? पुण्यातले नातेवाईक वाचतील म्हणून ना? गोऱ्या जावयाचं चालतं, लोहार जावयाचं चालत नाही, असंच ना? माझा आवाज चढला होता. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. लिफ्टमधला तो 'कोणते' इतके दिवस माझ्या घशात अडकलेला होता, तो त्या दिवशी बाहेर आला. मी त्यांना सांगितलं की माझ्या आजोबांच्या नावावर मेहकरजवळ दीड एकर होती, आणि कचेरीतल्या कागदावर त्यांच्या नावापुढे आडनावाच्या जागी जात लिहिलेली होती. इंगळे हे आडनाव माझ्या वडिलांना शाळेत मास्तरांनी लावलं. "तुमच्यासारख्याच कुणीतरी लिहिलं होतं ते, सुंदर अक्षरात," मी म्हणालो.

काकांनी पोह्यांची ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "मीही लिहिल्यात तशा नोंदी. जुन्या वहीत होतं तसं नव्या वहीत उतरवायचो. विचार करायचा असतो हे कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही."

माझी अपेक्षा होती की ते माफी मागतील. त्यांनी मागितली नाही. पेन काढून 'धातुकामात अग्रेसर' वर रेघ मारली आणि वर 'लोहार' लिहिलं. मग पिशवी उचलली, आणि दारातून वळून म्हणाले, "मेहकर तालुका ना? म्हणजे मूळ गाव सापडल्यात जमा आहे." मी दार जरा जोरातच लावलं.

नातच झाली. मीरा. तिच्या जन्माची नोंद करायची म्हणून मुग्धाने घरातले सगळे दाखले जेवणाच्या टेबलावर काढून ठेवले, आणि ज्या माणसासमोर एक चिठ्ठीसुद्धा उघडी ठेवू नये त्याच्यासमोर ती आंघोळीला गेली. काकांनी कॉनरचा जन्मदाखला वाचला. त्यावर वडिलांचं नाव होतं पॅट्रिक स्मिथ, आणि खाली घराचा पत्ता.

काकांनी मुग्धाला धरलं. तिने अखेर सांगून टाकलं. कॉनर अकरा वर्षांचा असताना बाप घर सोडून इंग्लंडला गेला. वर्षातून एखादं कार्ड, मग तेही नाही. आई त्याला घेऊन माहेरी गेली, आणि बापाच्या माणसांशी संबंधच तुटला. अठरा पूर्ण झाल्यावर कॉनरने बापाचं आडनाव टाकलं. पणजोबांच्या थडग्यावर मॅकगावन होतं, ते त्याने रीतसर लावून घेतलं. मुग्धाने वडिलांना बजावलं की हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही.

काकांनी तो त्या घरात काढला नाही. ते आमच्या घरी आले. पॅट्रिक स्मिथ यांना, दाखल्यावरच्या त्या पत्त्यावर, इंग्रजीत पत्र लिहायचं होतं, आणि त्यांचं कचेरीतलं इंग्रजी 'विथ रेफरन्स टू द अबव्ह' च्या पुढे जात नव्हतं. मी विचारलं, कॉनरला हे माहीत आहे का? ते म्हणाले, "विचारलंय त्याला." मी पत्र टाइप केलं. तुमचा मुलगा सिंगापूरला सुखरूप आहे, तुम्हाला नात झाली आहे, आमच्या वंशावळीसाठी आपली माहिती मिळाल्यास आभारी होऊ, असं साधंच. परतीचा पत्ता त्यांनी माझ्या घराचा द्यायला लावला. घरात बाळंतीण आहे, पोस्टमन नको, हे त्याचं कारण. इथे कुठलाच पोस्टमन दार वाजवत नाही, तळमजल्याच्या पेटीत पत्र टाकून जातो, हे मला ठाऊक असूनही मी तो पत्ता दिला. माझा मूर्खपणा.

तीन आठवड्यांनी आमच्या पेटीत आयर्लंडचं तिकीट लावलेला लिफाफा आला. पत्र कॉनरच्या आत्याचं होतं, नोरा नावाच्या. आता त्या जुन्या घरात ती एकटीच राहत होती. तिने लिहिलं होतं की पॅट्रिक सात-आठ वर्षांपूर्वी परत आला होता आणि तिच्याकडेच राहत होता. जानेवारीत तो वारला. तिने कॉनरला शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला, दोन शेजाऱ्यांच्या मुलांना कॉम्प्युटरवर बसवलं, पण कॉनर स्मिथ या नावाचा तिचा भाचा कुठेच सापडला नाही. त्याने नाव बदललंय, हे तिला आमच्या पत्रावरून कळलं.

मी पत्र काकांना वाचून दाखवलं. मग विचारलं, कॉनरला तुम्ही खरंच विचारलं होतं ना?

"विचारलं होतं. तो नको म्हणाला."

"तुम्ही मला सांगितलंत, विचारलंय."

"विचारलंय म्हणालो. हो म्हणाला, असं कुठे म्हणालो?"

त्या क्षणी मी त्यांना उचलून बाल्कनीत ठेवून दार लावून घेतलं नाही, याचं श्रेय सुजाताला. त्यानंतर या माणसाने बोटं मोजत हिशोब सुरू केला: वडील जाऊन चार महिने झाले, बातमी उशिरा कळली, मग मुग्धाला सुतक किती दिवस, आणि मीराला सव्वा महिना व्हायचाय तर तिला कसं धरायचं. मी म्हणालो, सुतक नंतर बघू, आधी हे पत्र ज्याचं आहे त्याला द्या. तेव्हा त्यांचं बोटं मोजणं थांबलं. आयुष्यभर त्यांनी हजारो मृत्यू वहीत घेतले होते, पण एकही कुणाला जाऊन सांगितला नव्हता. ते काम लोकच करून यायचे. आठवडाभर त्यांनी ते पत्र पिशवीत घालून हिंडवलं. शेवटी मी सांगितलं की रविवारपर्यंत तुम्ही दिलं नाहीत तर मी देईन.

रविवारी सकाळी कॉनर खाली पोहण्याच्या तलावाशी, बाकावर बसला होता. मीरा त्याच्या खांद्यावर झोपली होती. काका त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कॉनर, युवर फादर इज एक्स्पायर्ड."

आपल्याकडे हा शब्द सगळे वापरतात. कॉनरला तो कळला नाही. परदेशात राहणाऱ्यांची जी जी गोष्ट संपते ती पासच असते, म्हणून त्याला वाटलं की काका स्वतःलाच 'फादर' म्हणताहेत आणि त्यांच्या व्हिजिट पासची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपली. तो हसून म्हणाला, काळजी करू नका, मी उद्या ऑनलाइन बघतो. काका म्हणाले, "नो, नो. नॉट पास. मॅन." आणि मग त्यांना पुढचा शब्दच सापडेना. ते माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी सांगितलं. जानेवारीत गेले, तुझ्या आत्याचं पत्र आलंय.

कॉनरने आधी मीराला माझ्याकडे दिलं. मग पत्र वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. मग काकांना म्हणाला, अगदी हळू, प्रत्येक शब्द सुटा करून, त्यांना कळावं म्हणून, "आय आस्क्ड यू टू लीव्ह इट ब्लँक." एवढं बोलून तो एकटाच वर निघून गेला.

तीन आठवडे तो काकांशी बोलला नाही. सकाळचा चहा करून ठेवायचा, पण टेबलावर ठेवून निघून जायचा. मुग्धा वडिलांवर चिडली होती आणि माझ्यावर त्याहून जास्त. ऑफिसात ती माझ्याशी फक्त कामाचं, तेही ईमेलवर बोलायची, आणि मला त्यावर काही म्हणायला जागा नव्हती. काका शनिवारी यायचे, पण पिशवी न घेता. पोहे खायचे, सोफ्यावर बसून राहायचे. मी कॉम्प्युटर चालू केला तरी खुर्ची ओढायचे नाहीत. एकदा म्हणाले की तिकीट अलीकडचं करून पुण्याला जावं म्हणतोय. मला हो म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हणालोही. त्यांनी मान हलवली.

तिकीट बदलायच्या आधीच कॉनर आठवड्याची रजा काढून आयर्लंडला गेला. एकटाच.

त्या रविवारी दुपारी सुजाताने मुग्धासाठी डिंकाचे लाडू केले होते, ते द्यायला आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हा कॉनरचा फोन आला. मुग्धा थोडा वेळ बोलली, मग तिने विचित्र चेहऱ्याने फोन वडिलांपुढे धरला. "तुम्हाला मागतोय."

काका फोन नेहमी तोंडापासून हातभर लांब धरायचे, म्हणून तिने स्पीकर लावला. कॉनर कबरीपाशी जाऊन आला होता. मातीच होती, दगड अजून बसवलेला नव्हता. कोरणाऱ्याला नाव कळवायचं होतं, आणि आत्या म्हणत होती की मुलगा आलाय, त्यानेच ठरवावं. जुन्या दगडावर, पणजोबांच्या, मॅकगावन होतं. स्मिथ ही कारकुनाची चूक, हे काकांनीच शोधून काढलं होतं. मग या नव्या दगडावर काय लिहायचं?

मी मनाशी म्हटलं, झालं. आता हा माणूस नोंदवहीचं पान, रकाना आणि अक्षराचं वळण सांगायला सुरुवात करणार. माझ्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यांनी दोनदा दुरुस्ती सुचवली होती.

काकांनी विचारलं, त्यांच्या पेन्शनवर काय नाव होतं? कॉनर म्हणाला, स्मिथ. शेजारी काय हाक मारायचे? पॅट स्मिथ. इंग्लंडला कामावर? तिथेही स्मिथच असणार.

"देन स्मिथ," काका म्हणाले.

पण तुम्हीच म्हणालात की ते चुकीचं आहे, कॉनर म्हणाला.

काकांनी फोन जवळ घेतला. इंग्रजी शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, कपाळावर घाम आला होता. "मिस्टेक, यस. क्लार्क्स मिस्टेक," ते म्हणाले. "बट ही लिव्ड इन इट."

लाइन तुटली असं वाटून मुग्धाने हात पुढे केला. तेवढ्यात कॉनर म्हणाला, "राइट. थँक्स, बाबा." आणि फोन ठेवला. काकांनी उपरण्याने कपाळ पुसलं, लाडवांचा डबा उघडून एक उचलला, आणि डिंक जरा कमी फुलला आहे असं सुजाताला सांगितलं.

दगडावर स्मिथच कोरलं गेलं. कॉनरने स्वतःचं नाव मात्र बदललं नाही, आणि काकांनी त्याला तसं सुचवलंही नाही.

आणखी दीड महिन्याने काका परत गेले. त्यांना चांगी विमानतळावर सोडायला आम्ही सगळे होतो. खाकी पिशवी कॉनरने घेतली होती, आणि इतकी जड कशी म्हणून तो तिच्याकडे संशयाने बघत होता. निरोप घेताना त्याने हात पुढे केला. मग काय वाटलं कोण जाणे, तो वाकला. एवढा उंच माणूस वाकायला लागला की मध्येच थांबता येत नाही. काका गडबडून मागे सरकले आणि त्याला खांद्याला धरून उभं केलं. मीराच्या डोक्यावर हात ठेवला. मग रांगेत जाऊन उभे राहिले, आणि पासपोर्ट दाखवायची पाळी आली असताना माझ्यासाठी परत फिरले. मागचे लोक कुरकुरले. मला वाटलं, इतक्या दिवसांनी दोन शब्द बोलतील.

"इंगळे, त्या पत्रात तुम्ही कॅव्हनचं स्पेलिंग चुकवलं होतंत," ते म्हणाले. "पोचलं, हे नशीब." आणि गेले.

मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. पुढच्या वर्षी पुण्यात, कुलवृत्तांताची मुद्रितं तपासण्याचं काम चालू असताना, त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले. मुग्धा आणि कॉनर मीराला घेऊन गेले आणि तेराव्यानंतर परतले. मी भेटायला गेलो. अशा वेळी माणूस चांगलं काहीतरी बोलतो, पण माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं. मी मुग्धाला म्हणालो की त्यांनी मला 'विचारलंय' म्हणून ते पत्र लिहायला लावलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मुग्धा रडता रडता हसली. म्हणाली, "कॉनरचाही नाही गेला. दर रविवारी नोराआत्याला फोन करतो, आणि पहिली दहा मिनिटं बाबांबद्दल तक्रार करतो."